पेठेबाईंची चिठ्ठी

पेठेबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं : "जेब में क्या मरा पड़ा है?"

लखनौला येऊन मला तेव्हा दोनच महिने झाले होते. आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात मी उंदरांच्या यकृतावरचा एक जुना लेख उतरवून घेत होतो आणि माझा मोबाइल वाजला. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या खिशात वाजणारं सिनेमातलं एक गाणं माझ्याही खिशात होतं. समोरच्या टेबलावरून ते वाक्य आलं. फोन आईचा होता. मी घाईघाईने "आई, मागून करतो," एवढं कुजबुजलो. समोरच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मराठी?"

"हो."

"कुठला?"

"जिंतूर. परभणी जिल्हा."

"परभणीहून इतक्या लांब आलास आणि खिशात हे घेऊन फिरतोस? शी! काढून टाक. साधी घंटा लाव. घंटा निदान खोटं बोलत नाही."

मी तिथल्या तिथे घंटा लावली. आजही माझ्या फोनवर तीच आहे.

बाई आमच्याच संस्थेतून निवृत्त झालेल्या. विषशास्त्र हा त्यांचा विषय. नवीन औषधाने उंदरांचं काय होतं ते बघण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. माहेर जळगावचं, लग्न केलेलं नाही, जानकीपुरम विस्तार या वस्तीत स्वतःचं छोटं घर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे शिकवणाऱ्या स्त्रीला 'बाई' म्हणायची सवय. लखनौ त्यांना 'पेठे मैडम' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी चुकून 'बाई' म्हणालो आणि त्यांनी ते चालू दिलं. त्यांच्याकडून मला मिळालेली ही बहुधा एकमेव सवलत.

बाई नाकाने जगत. दुधाची पिशवी फोडली की आधी नाकाशी. भाजीच्या ठेल्यावर मेथीची जुडी उचलून त्यात तोंड खुपसत आणि म्हणत, "भैया, ये परसों की है, और तुमने इस पर पानी मारा है." ठेलेवाला कानाला हात लावायचा, "अरे मैडम, क़सम से सुबह की है." बाई जुडी परत ठेवून द्यायच्या. "क़सम में से भी बास आ रही है." उंदरांच्या खोलीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला घाण सांगावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. घाणीचा त्यांना राग नव्हता. उंदीर घाण करणारच. त्यांना शिसारी यायची ती घाणीवर अत्तर शिंपडण्याची. आणि लखनौमध्ये, बाईंच्या मते, या कामाला माणसं कमी नव्हती.

गाण्याच्या बाबतीतही त्यांचं नाक असंच चालायचं.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या घरी पाच-सहा जण जमत. एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा आणि आपलं मत द्यायचं, एवढाच कार्यक्रम. पण तो चालायचा बाईंच्या प्रयोगशाळेच्या शिस्तीने. औषधाच्या चाचणीत कुठल्या बाटलीत औषध आहे आणि कुठल्या बाटलीत नुसती साखर, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. बाईंनी तोच नियम गाण्याला लावला होता. ज्याची पाळी असेल त्याने पेन ड्राइव्ह आणायचा. लॅपटॉप आतल्या खोलीत पडद्यामागे. गायक कोण, वादक कोण, कुणालाही सांगायचं नाही. ऐकून झालं की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर मत लिहायचं, नाव न घालता; अक्षरावरून सगळे ओळखायचेच, ती गोष्ट वेगळी. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या की मगच अल्बम कोणाचा ते उघड करायचं. वाचलेल्या चिठ्ठ्या तारखेसह एका पत्र्याच्या डब्यात. "नोंद फाडायची नसते," बाई म्हणायच्या. "चुकली तरी."

आणखी एक नियम होता. चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत चहा नाही. "चहा पोटात गेला की माणूस उदार होतो."

मंडळी अशी होती. सक्सेनाजी हे निवृत्त हिंदीचे प्राध्यापक, त्यांना सगळंच आवडायचं. रिज़वी साहेब एका बँकेत मॅनेजर होते, हार्मोनियम वाजवायचे, आणि नावडलेल्या गोष्टीला "अपना-अपना मिज़ाज है" म्हणायचे. उत्कर्ष हा शेजारचा इंजिनियरिंगचा मुलगा, त्याला काहीच आवडायचं नाही. आणि बाई.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सतारीबरोबर ढोल आणि कॉम्प्युटरचे आवाज मिसळलेलं काहीतरी लागलं होतं. मला ते डोक्यावरून गेलं. पण एवढ्या शिकलेल्या माणसांमध्ये मला कुणी बसवून घेतलं होतं. मी लिहिलं, 'अतिशय श्रवणीय. मन प्रसन्न झाले.'

बाईंनी चिठ्ठी स्वतः वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तू लिहिलंस की तुझ्या निबंधाच्या पुस्तकानं?"

मी पेनाला टोपण लावलं.

"प्रसन्न झालास म्हणजे काय झालं? कुठे झालं? पोटात, डोक्यात, कुठे?"

"खरं सांगू का बाई? डोकं दुखलं."

"मग तेच लिही की. ते मत आहे."

"पण त्यांनी एवढी मेहनत केली असेल..."

"मेहनत उंदीरही करतो पिंजऱ्यात. हे बघ सोपान, आभार मानायचे ते माणसांचे मान. गाण्याला मत दे. दोन्हींची गल्लत करशील तर आयुष्यभर निबंध लिहीत बसशील."

मला हे सोपं नव्हतं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे. मला मिळालेली प्रत्येक गोष्ट, वही, शिष्यवृत्ती, वसतिगृहातली खाट, ही कुणीतरी दिलेली होती, आणि दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही हे मला कुणी शिकवलंही नव्हतं, ते अंगातच होतं. बाईंना ते दिसलं असावं. दोन-तीन बैठकांनंतर त्यांनी मला पडद्यामागे लॅपटॉपवर बसवलं. ज्याला नाव माहीत आहे त्याने मत लिहायचं नाही, असा नियमच होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याबरोबर दुसरं काम मात्र आलं. बाकी सगळे हिंदीत लिहायचे. बाईंची हिंदी लखनौच्या बाजारात घासून पक्की झालेली होती, तरी त्या चिठ्ठी मराठीतच लिहायच्या. "शी येते ती आईच्याच भाषेत येते," म्हणायच्या. शिवाय अक्षर असं, की मुंग्या शाईतून चालत गेल्यासारखं. लिपी तीच असूनही सक्सेनाजींना एक शब्द लागायचा नाही. तेव्हा चिठ्ठ्या वाचायच्या मी, आणि बाईंची चिठ्ठी वाचताना तिथल्या तिथे हिंदी करून सांगायची तीही मीच.

पहिल्याच वेळी मी चुकलो. रिज़वी साहेबांनी भजनांचा एक अल्बम आणला होता. बाईंनी लिहिलं होतं, 'एअर फ्रेशनर मारलेली न्हाणी. देव आत गेला असेल तर नाक धरून.' मी रिज़वी साहेबांचा झब्बा, त्यांची पांढरी दाढी, त्यांचं नम्र बसणं पाहिलं आणि वाचलं, "माहौल थोड़ा बनावटी लगा."

"थांब," बाई म्हणाल्या. "न्हाणी कुठे गेली?"

"बाई, ते..."

"न्हाणी वाच. आणि देवाचं नाक पण."

मी वाचलं. सक्सेनाजी "राम-राम" म्हणाले. रिज़वी साहेब मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मैडम, गुसलख़ाने वाली बात में दम है. पूरे अलबम में वही गूँज है." त्या दिवसानंतर मी शब्दाला शब्द ठेवून वाचू लागलो. बाईंच्या शिव्या हिंदीत नेता नेता माझी हिंदी सुधारली, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांची मतं मला अजून पाठ आहेत. एका नाजूक गळ्याच्या गायकाबद्दल : 'याला लहानपणी कुणीतरी गोड म्हटलं. तेव्हापासून हा त्या काकूलाच गाऊन दाखवतोय.' एका वाद्यसंगीताबद्दल : 'हॉटेलच्या लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं वाटलं. मजला येईना.' उत्कर्षने आणलेल्या, शिव्यांनी भरलेल्या एका अल्बमबद्दल सगळ्यांना वाटलं आता बाई फाडून खाणार. बाईंनी लिहिलं होतं : 'घाण आहे, पण स्वतःची आहे. उसनी नाही. परत लाव.'

'परत लाव' ही त्यांची सर्वांत मोठी पदवी. तीन वर्षांत ती मी चार वेळा ऐकली.

त्या फक्त दुसऱ्यांनाच धारेवर धरायच्या, असं कुणी समजू नये. एकदा त्यांची स्वतःची पाळी होती. जळगावला त्यांच्या वडिलांकडे असलेली एका गायिकेची जुनी रेकॉर्ड त्यांनी कुठूनतरी उतरवून आणली होती. माझ्या हातात पेन ड्राइव्ह देताना त्यांचा आवाज बदलला होता. "नीट लाव हं. सुरुवातीची खरखर आहे, ती कापू नकोस." ऐकणं झालं. सक्सेनाजींनी नेहमीप्रमाणे अर्धं पान स्तुती लिहिली. उत्कर्षची चिठ्ठी होती : 'बोर. आंटी टाइप. रोने का शौक़ है इनको.' मी ती वाचताना अडखळलो. बाईंनी नुसतं "पूर्ण वाच," म्हटलं. मग म्हणाल्या, "मला पण एक चिठ्ठी दे."

"पण बाई, तुम्ही आणलंय. नियम..."

"दे."

त्यांनी लिहिलं आणि मी वाचलं : 'पोरगं बरोबर बोलतंय. चाळीस वर्षं मी वडिलांची खोली ऐकत होते. गाणं आज पहिल्यांदा ऐकलं. फार रडवं आहे.' मग त्या उठून चहा टाकायला गेल्या, आणि त्या दिवशी चहाला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. उत्कर्ष स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाला, "मैडम, सॉरी." आतून आवाज आला, "सॉरी बोला तो अगली बार मत आना."

मला डेंग्यू झाला तेव्हा त्या आठ दिवस डबा घेऊन माझ्या खोलीवर येत होत्या. मऊ भात. झाकण उघडून स्वतः वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चव घाण झालीय. गिळ." माझे अर्ज, माझा पहिला शोधनिबंध, माझं मोडकं इंग्रजी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. हे एवढं सांगतो, कारण पुढे मी काय केलं ते सांगायचं आहे.

माझी नेमणूक तात्पुरती होती. मार्चअखेर ती एक तर कायम होणार होती किंवा संपणार होती, आणि फाईलवर शेरा डॉ. टंडन यांचा लागणार होता. ते आमच्या विभागाचे प्रमुख. वागायला गोड माणूस. मला 'बेटा' म्हणायचे. त्यांना गाण्याचा शौक आहे हे कळल्यावर मी आपण होऊन त्यांना बाईंच्या रविवारबद्दल सांगितलं. मला वाटलं, माझ्यावर उपकार करणाऱ्या दोन माणसांची गाठ घालून देतोय. ते आले, दोन-तीन बैठका नम्रपणे बसले, आणि डिसेंबरात त्यांची पाळी आली.

त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि तळहात दाबला. "बेटा, यह अपना ही है. अभी किसी से कहना मत." त्यांनी स्वतः लिहिलेल्या, स्वतः गायलेल्या आठ ग़ज़ला होत्या. पैसे भरून मोठ्या स्टुडिओत केलेलं काम. पडद्यामागून मला सक्सेनाजींचा चेहरा दिसला. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं, ते पहिल्या ओळीपासूनच मान डोलवत होते. रिज़वी साहेबही कळल्यासारखे जमिनीकडे बघत होते. उत्कर्षची परीक्षा होती, तो नव्हता. माहीत नव्हतं ते फक्त बाईंना. यंत्रातून धुऊन काढलेला तो आवाज टंडन सरांच्या बोलण्याच्या आवाजासारखा अजिबात नव्हता.

चिठ्ठ्या आल्या. सक्सेनाजी : 'कलेजा निकाल कर रख दिया.' रिज़वी साहेब : 'बहुत मेहनत का काम.' मग बाईंची. मुंग्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या.

'किळस आली. दुःख भाड्याने आणलेलं आहे. शब्द ज्याचे आहेत तो आरशासमोर रडतो आणि एक डोळा उघडा ठेवतो. तिसऱ्या गाण्यानंतर खिडकी उघडावीशी वाटली.'

टंडन सर माझ्याकडे बघत होते. हसत होते. त्यांच्या टेबलावरची माझी फाईल मला दिसत होती. जिनिंगमधून दम लागून घरी बसलेले वडील दिसत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून असं निघालं :

"दर्द ऐसा कि पराया नहीं लगता. शायर ने अपने आप को आईने में देखा है. तीसरी ग़ज़ल के बाद जी चाहा, खिड़की खोल दूँ, कि पूरा मोहल्ला सुने."

सक्सेनाजी ओरडलेच, "वाह! क्या बात कही मैडम ने!" टंडन सरांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. ते उठले, छातीवर हात ठेवला, आणि अल्बम आपला असल्याचं सांगितलं. "पेठे मैडम, आपके मुँह से यह सुनना... आप तो किसी को बख़्शती नहीं."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता 'थांब' येणार. मला वाटलं 'किळस वाच' म्हणणार. त्यांनी टंडन सरांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजल्याचं मला दिसलं. त्या उठल्या आणि जाऊन खिडकी उघडली. बाहेर दाट कोहरा होता, तो गार ओला धूर सरळ आत आला. टंडन सरांनी टाळी वाजवली. बाईंनी चहा आणला. स्वतःचा कप त्यांनी तसाच ठेवला, त्यावर साय धरली.

ती चिठ्ठी मी डब्यात टाकली नाही. खिशात घातली.

गोष्ट तिथे संपली असती तर मी कदाचित विसरलोही असतो. जानेवारीत टंडन सरांच्या अल्बमच्या प्रकाशनाचं कार्ड आलं. जाड, सोनेरी कडेचं. आत तिरक्या अक्षरात छापलेलं : 'जी चाहा, खिड़की खोल दूँ, कि पूरा मोहल्ला सुने.' खाली बाईंचं पूर्ण नाव, आणि 'वरिष्ठ वैज्ञानिक'.

मी धावत जानकीपुरमला गेलो. कार्ड बाईंच्या टेबलावर पडलं होतं, त्यावर चष्मा ठेवलेला.

"वास घेतलास का याचा?" त्या म्हणाल्या. "अत्तर लावलंय. कागदाला!"

"बाई, मी सरांना सांगतो. माझी चूक..."

"तुझं काम पक्कं कधी होतं?"

"मार्चअखेर."

"मग मार्चपर्यंत ते माझं मत आहे."

"पण बाई..."

"रडू नकोस. मला रडणारी माणसं बघवत नाहीत. मार्चनंतर माझं मत मला परत आणून द्यायचं. जिथे दिलंस तिथेच, त्याच माणसांसमोर. कळलं?"

"कळलं."

"आता जा. उभा आहेस तिथून मला तुझी पण शिसारी येतेय."

हज़रतगंजच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. प्लास्टिकची फुलं, गुलाबपाणी शिंपडणारे दोन फवारे, मंचावर एकमेकांना शाली घालणारी माणसं. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. न आल्या असत्या तर प्रश्न निघाले असते आणि ते माझ्यापर्यंत पोचले असते, म्हणून आल्या होत्या. ती तिसरी ग़ज़ल लागली, लोकांनी डोळे मिटले. मग सूत्रसंचालकाने बाईंचं नाव घेतलं आणि दोन शब्द बोलायला बोलावलं. बाई जागेवरच उभ्या राहिल्या. हातात माइक आला.

"माफ़ कीजिए," त्या म्हणाल्या. "गला ख़राब है."

त्यांचा गळा ठणठणीत होता. येताना ई-रिक्षावाल्याशी त्या भाड्यावरून मोठ्याने भांडल्या होत्या. तीन वर्षांत बाईंना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. परतल्यावर त्यांनी घरापाशी उतरून नळावर तीनदा चूळ भरली.

त्यानंतर रविवार चालू राहिले, पण बाई कोरी चिठ्ठी देऊ लागल्या. मी उलगडून वाचायचो, "पेठे मैडम, कुछ नहीं." कुणी फारसं विचारलं नाही. बाईंची भीती गेल्यावर सगळ्यांना बरंच वाटलं असावं. अल्बममागून अल्बम उत्तम ठरू लागले. उत्कर्ष दोन वेळा आला आणि यायचा थांबला. चहा आता ऐकता ऐकताच मिळायचा, कारण टंडन सरांना घसा ओला लागायचा. बाई हरकत घ्यायच्या नाहीत, कोपऱ्यातल्या खुर्चीत हात बांधून बसायच्या. त्या खोलीत बसणं मला नकोसं व्हायचं. सगळ्या कौतुकाला एकच गोडसर, शिळा वास यायचा आणि तो माझ्यापासून सुरू झाला होता.

मार्चअखेर मी कायम झालो. पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढ्याचा वास घेतला, खाल्ला, "चांगला आहे," म्हणाल्या आणि वाट बघत राहिल्या. मी म्हटलं, "या रविवारी, बाई." त्या रविवारी टंडन सरांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. पुढच्या बैठकीच्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. एप्रिल गेला, मे गेला. आता माझं कुणी काही करू शकत नव्हतं, आणि तरी मी गप्प होतो. पोटासाठी गप्प राहिलो होतो असं मी स्वतःला सांगत आलो होतो. मार्चनंतर ते कारणही उरलं नाही. बाईंनी एकदाही आठवण केली नाही. जूनमध्ये त्यांनी घर विकून जळगावला बहिणीकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला. "तारखेप्रमाणे लावलाय. डिसेंबरातली एक नोंद नाही."

चारबाग स्टेशनवर संध्याकाळी आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. भुसावळकडे जाणारी गाडी लागलेली. फलाटावर उकाडा, हमालांची घाई. टंडन सर गुलाबांचा गुच्छ घेऊन आले होते. गुच्छ बाईंच्या हातात देऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मैडम, आपकी वह खिड़की वाली बात मैं मरते दम तक नहीं भूलूँगा."

बाईंनी गुच्छ घेतला. माझ्याकडे बघितलंही नाही. सामान मोजत होत्या.

माझा हात पाकिटात गेला. चिठ्ठी घडीवर पिवळी पडली होती. "सर," मी म्हणालो, "वह मैडम ने नहीं लिखा था. मैंने ग़लत पढ़ा था. जान-बूझकर." आणि मान खाली घालून वाचलं. 'किळस'ला 'घिन' म्हटलं. भाड्याच्या दुःखाला किराए का ग़म. आरसा, उघडा डोळा, आणि खिडकी, जशी होती तशी.

सक्सेनाजींनी "अरे बरख़ुरदार..." एवढंच म्हटलं. रिज़वी साहेबांनी डोळे मिटले. टंडन सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचं सगळं उतरून गेलं, आणि मला पहिल्यांदा तो एका साध्या, दुखावलेल्या, वयस्कर माणसाचा चेहरा दिसला. ते वळून जिन्याकडे निघाले.

"टंडनजी," बाईंनी हाक मारली. ते थांबले. "थांबा. तुमच्या अल्बमबद्दल आहे, तुम्हीच ऐकायला हवं." हे त्या मराठीत बोलल्या, पण त्यांना कळलं. मग माझ्याकडे वळल्या.

"परत वाच. या वेळी मान वर करून."

मी परत वाचलं. टंडन सरांकडे बघून. संपल्यावर बाईंनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, एकदा डोळ्यांखालून घातली आणि मला परत दिली. "डब्यात टाक. तारीख घाल." एवढं बोलून त्या गाडीत चढल्या. गुच्छ हमालाला देऊन टाकला.

वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही. मी तिच्या बाहेर उभा होतो. आत कुणीतरी चहावाला आला. बाईंनी कप घेतला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. गाडी हलली तेव्हा त्या चहावाल्याला काहीतरी सांगत होत्या. तो कानाला हात लावत होता.